हत्तीपाय: पायाची रोजची निगा, रात्रीची रक्ततपासणी आणि निरोगी माणसाने घ्यायच्या गोळ्या

पूर्व विदर्भात हत्तीपाय हा ऐकीव आजार नाही. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत तो नात्यात नाही तर शेजारीपाजारी कुणाला तरी झालेला असतो. तरीही त्याच्याबद्दलच्या दोन समजुती अगदी उलट्या आहेत आणि दोन्हींमुळे माणसांचे फार नुकसान होते. एक म्हणजे, सुजलेल्या पायाचा माणूस रोग पसरवतो, म्हणून त्याच्यापासून लांब राहायचे. दुसरी, एकदा पाय सुजला की संपले, आता करण्यासारखे काही उरत नाही.

खरे असे आहे की हा रोग बहुतेक वेळा धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातून पसरतो. आणि सुजलेला पाय आणखी बिघडू न देणे बऱ्याच अंशी घरच्या घरी, साबण-पाण्याने जमते. पुढे जे लिहिले आहे ते रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी करायचे आहे. शेवटचा भाग मात्र ज्यांना काहीच झालेले नाही त्यांच्यासाठी आहे, आणि तो त्यांनी टाळू नये.

शरीरात काय घडते

भारतात हा रोग मुख्यतः वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाच्या जंतामुळे होतो. क्युलेक्स डासाची मादी चावते तेव्हा तिच्या सोंडेतून जंताच्या अळ्या कातडीवर उतरतात आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरतात. एखाद-दुसऱ्या चाव्याने सहसा काही होत नाही. महिनोन्महिने, वर्षानुवर्षे असे डास चावत राहिले की जंत अंगात ठाण मांडतात.

त्यांचे ठाणे म्हणजे लसिकावाहिन्या. रक्तवाहिन्यांतून जे पाणी आणि प्रथिने आजूबाजूला पाझरतात, ती गोळा करून परत रक्तात आणून सोडणारे हे बारीक नळ्यांचे जाळे. वाटेत जांघेत, काखेत, मानेत त्याच्या गाठी असतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथेच राहतात. जंताची मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब आणि दोऱ्यासारखी बारीक, नर तिच्या निम्म्याहून लहान. हे जंत या नळ्यांत ६ ते ८ वर्षे जगतात आणि तेवढ्या काळात लाखो सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडतात. या पिल्लांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. डासाने रक्तासोबत ती उचलली की साधारण १० ते १४ दिवसांत त्याच्या अंगात त्यांची वाढ होते आणि तो डास दुसऱ्याला रोग देण्यास तयार होतो.

हे कोडे उलगडण्याची सुरुवात आपल्याकडेच झाली. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस यांना माणसाच्या रक्तात ही पिल्ले सापडली. पुढे १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ती डासाच्या पोटात वाढताना पाहिली. डास आणि माणसाचा आजार यांचा धागा पहिल्यांदा जोडला गेला तो याच रोगात, मलेरियाच्याही आधी.

जंतांमुळे लसिकावाहिन्या फुगतात, त्यांच्या झडपा निकामी होतात. धानाच्या बांधीचा चर बुजला की पाणी जसे तुंबते तसे पायात पाणी तुंबू लागते. पण नुसत्या तुंबण्याने पाय हत्तीसारखा होत नाही. तुंबलेल्या पायात जंतूंशी लढण्याची ताकद उरत नाही. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, खाजवलेला ओरखडा अशा वाटांनी साधे जिवाणू आत शिरतात आणि पाय लाल होऊन ताप भरतो. असा प्रत्येक झटका कातडी आणखी जाड करून जातो, उरल्यासुरल्या नळ्या आणखी खराब करतो. पाय वाढतो तो या झटक्यांमुळे. म्हणूनच जंत कधीचे मरून गेले तरी पाय वाढतच राहतो, आणि म्हणूनच झटके थांबवले तर वाढ थांबते.

पहिली पायरी: खुणा ओळखणे

संसर्ग बहुधा लहानपणीच होतो आणि सूज दिसायला कित्येक वर्षे जातात. सुरुवातीच्या खुणा बारीक असतात. वरचेवर थंडी वाजून ताप येतो, जांघेत अवधाण येते, म्हणजे दुखरी गाठ येते, पायावर लाल रेघ उमटते. दिवसभर उभे राहिल्यावर एका पायाला सूज येते आणि सकाळी उठेपर्यंत उतरते. उपाय सुरू करायची सगळ्यात चांगली वेळ हीच, पण नेमकी तेव्हाच माणसे डॉक्टरकडे जात नाहीत, कारण सकाळी पाय पुन्हा नीट दिसतो. पुढच्या टप्प्यात रात्रभर झोपूनही सूज उतरत नाही. मग कातडीला घड्या पडतात, गाठी येतात, शेवटी शेवाळासारखे खडबडीत फोड येतात आणि पायाला वास येऊ लागतो.

पुरुषांमध्ये पायापेक्षाही अंडवृद्धी, म्हणजे अंडकोषात पाणी भरून येणारी सूज, जास्त आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे अडीच कोटी पुरुषांना या रोगामुळे अंडवृद्धी झाली आहे, तर हातापायाची सूज असलेली माणसे दीड कोटींहून अधिक आहेत. स्त्रियांमध्ये हात किंवा स्तनही सुजू शकतो. लघवी दुधासारखी पांढरी होणे हीसुद्धा याच रोगाची एक खूण. काही जणांना पाय न सुजता रात्रीचा कोरडा खोकला आणि दम लागतो. त्याला दमा किंवा क्षयरोग समजून भलतेच उपचार चालू राहतात.

पायाची प्रत्येक सूज हत्तीपायाची नसते. दोन्ही पाय सारखे सुजले, तोंडावर सूज आली, चालताना दम लागला तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासायला हवे. एकच पोटरी अचानक, एक-दोन दिवसांत सुजून दुखू लागली तर रक्ताची गाठ अडकलेली असू शकते. तिथे घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरी पायरी: तपासणी

ही पिल्ले दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री साधारण १० ते २ या वेळात हातापायांच्या रक्तात उतरतात. क्युलेक्स डासही रात्रीच चावतो, दोघांचे वेळापत्रक जुळलेले आहे. म्हणून आरोग्य विभागाची माणसे रात्री घरोघर येऊन बोटातून रक्त घेतात, आणि काही शहरांत रात्र चिकित्सालये चालतात. रात्री दार वाजवणाऱ्या आरोग्यसेवकाला परत पाठवू नका. तो त्या वेळी येतो याला कारण आहे.

दुसरी एक पट्टीची तपासणी आहे. ती रक्तातला जंताचा अंश ओळखते, दहा मिनिटांत निकाल देते आणि दिवसाही करता येते. मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या. पाय खूप सुजलेल्या माणसाच्या रक्तात बहुतेकदा काहीच सापडत नाही, कारण त्याच्यातले जंत मरून गेलेले असतात. अहवाल कोरा आला म्हणजे आजार हत्तीपायाचा नाही, असे होत नाही. आणि अशा माणसाशेजारी बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने, त्याच्या घरात मुलगी दिल्याने कुणालाही हा रोग होत नाही. लग्ने मोडतात ती निव्वळ भीतीपोटी. एखाद्या बाईने वर्षानुवर्षे पाय साडीत झाकून ठेवावा आणि डॉक्टरलाही दाखवू नये, इतकी ही भीती खोल गेली आहे.

रक्तात पिल्ले सापडली तर डीईसी (डायएथिलकार्बामाझिन) या जंतांवरच्या औषधाच्या गोळ्यांचा १२ दिवसांचा कोर्स वजनाप्रमाणे देतात. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. अर्धवट सोडू नका.

तिसरी पायरी: पाय धुणे, म्हणजेच खरा उपचार

शासकीय केंद्रांतून रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असा संच देतात, आशाताईंकडे चौकशी करा. संच मिळाला नाही तरी घरातले घमेले आणि अंगाचा साधा साबण पुरतो. उग्र वासाचा साबण आणि कपडे धुण्याची पावडर मात्र नको.

वेळ रात्री झोपण्यापूर्वीची ठेवा. पाय त्यानंतर वरच राहतो, पुन्हा धुळीत जात नाही. पाटावर किंवा स्टुलावर आरामात बसा, उजेड पुरेसा घ्या आणि आधी पाय नुसता बघा. बोटांची बेचकी एक एक करून उघडा, घड्यांच्या आत डोकवा, टाच फिरवून पाहा. वाकता येत नसेल तर घरातल्या माणसाने हे काम करावे, किंवा आरसा जमिनीवर ठेवावा. चिखल्या, भेगा, ओली जागा, फोड यांतून आज कुठे वाट उघडली आहे, तेवढेच शोधायचे असते.

पाणी साधे, स्वच्छ घ्या. गरम पाणी नको, त्याने सूज वाढते. साबणाचा फेस हातावर करून गुडघ्यापासून खाली या. मऊ कापडाने किंवा बोटांनी घड्यांच्या आत, बेचक्यांत, नखांच्या कडेने हळूच चोळा. ब्रश, घासणी, वजरी वापरू नका. रक्त निघाले की नवी वाट उघडली. मग मगाने पाणी ओतत राहा, खाली पडणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. दुसरा पाय चांगला असला तरी तोही असाच धुवा.

कोरडे करणे हे धुण्याइतकेच महत्त्वाचे, आणि इथेच सगळे घाई करतात. मऊ सुती कापड दाबून पाणी टिपा, घासू नका. बेचक्यांत कापडाची पातळ पट्टी घालून ओल काढा. ओल राहिली की बुरशी धरते, बुरशीने कातडी फाटते आणि पुन्हा झटका येतो. चिखल्या दिसल्या तर बुरशीविरोधी मलम, जखम असेल तर जिवाणूविरोधी मलम लावा. दोन्ही आरोग्य केंद्रातून विचारून घ्या. टाच कोरडी पडून फाटत असेल तर तिला खोबरेल तेल चालेल, पण बेचक्यांत तेल नको. पायाला वास येत असेल, फोडांतून पाणी झिरपत असेल तर पोटॅशियम परमँगनेटच्या अगदी फिक्या गुलाबी पाण्यात पाय बुडवायला डॉक्टर सांगतात. रंग गडद झाला तर कातडी भाजते, म्हणून ते त्यांना विचारूनच करावे.

धानाच्या बांधीत रोवणीला उतरणाऱ्या बाईला "चिखलात जाऊ नका" असे सांगणे सोपे आहे, तिची रोजी कोण देणार? म्हणून जमेल तेवढे सांगतो. उतरण्यापूर्वी भेगांवर मलम लावून घ्या. गमबूट मिळाले तर वापरा, पण आत पाणी गेले तर लगेच काढून पाय पुसा, ओला गमबूट उघड्या पायापेक्षा वाईट. बांधीतून बाहेर आल्यावर घरी जाईपर्यंत थांबू नका, जवळ बाटलीभर स्वच्छ पाणी आणि एक कापड ठेवा आणि धुऱ्यावर बसूनच पाय धुऊन कोरडा करा. ताप असेल त्या दिवशी मात्र बांधीत उतरूच नये.

चप्पल सैल, हवा खेळेल अशी, बोटांना न घासणारी असावी. नखे सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. पायाला दोरा, काळा धागा, ताईत, घट्ट पैंजण काही बांधू नका, त्याने लसिकेचा उरलासुरला मार्गही आवळला जातो. डाग देणे, चिरा मारून रक्त काढणे, झाडपाल्याचा लेप बांधून ठेवणे याने नव्या जखमा होतात. पाय फार बिघडल्यावर येणाऱ्या कितीतरी माणसांच्या पायावर जुन्या डागांच्या खुणा असतात आणि त्या पाहून जीव तुटतो.

चौथी पायरी: पाय वर ठेवणे आणि हलवणे

बसताना पाय लोंबकळत ठेवू नका, समोर स्टुलावर ठेवा, गुडघ्याखाली उशीचा आधार द्या. रात्री खाटेच्या पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली एकेक वीट ठेवली की पुरते. हृदयाचा आजार असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारून करावे.

व्यायाम अगदी साधे आहेत. भिंतीला हात टेकून चवड्यांवर उभे राहणे आणि सावकाश खाली येणे. बसून घोट्यातून पाऊल गोल फिरवणे, बोटे आपल्याकडे ओढणे, मग पुढे ताणणे. प्रत्येक प्रकार दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीन-चारदा. पोटरीचा स्नायू आवळला की तुंबलेली लसिका वर ढकलली जाते. झटका आलेला असताना व्यायाम करायचा नाही.

महिन्यातून एकदा, सकाळी उठल्या उठल्या, शिंप्याच्या टेपने घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजून वहीत लिहा. दर वेळी एकाच जागी मोजा. पुढे झटका कधी आला तेही लिहीत जा. पायाचा घेर कमी व्हायला वेळ लागतो, जुना पाय पूर्वीसारखा होईलच असेही नाही. पण नियमित निगा राखली की झटके आधी कमी होतात आणि ते वहीत दिसते.

झटका आला तर

अचानक थंडी वाजून ताप, पाय लाल, गरम, ठणकणारा, जांघेत गाठ. अशा वेळी काम सोडून आडवे व्हा, पाय उशीवर घ्या, साध्या पाण्यात भिजवलेले कापड पायावर ठेवा आणि भरपूर पाणी प्या. शेक देऊ नका. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. पाय धुणे बंद करायचे नाही, पण फार हलक्या हाताने. आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, कारण बहुतेकांना प्रतिजैविकाची गरज लागते, आणि ते किती दिवस घ्यायचे हे त्यांनीच ठरवायचे असते. झटका चालू असताना डीईसी सुरू करत नाहीत. ताप फार चढला, उलट्या होऊ लागल्या, माणूस असंबद्ध बोलू लागला, पायावर फोड किंवा पू दिसला, तर थेट रुग्णालयात न्या.

अंडवृद्धी

तिच्यावर उपाय आहे, तो म्हणजे शस्त्रक्रिया, आणि ती सरकारी रुग्णालयांत होते. सुईने पाणी काढून घेण्याच्या फंदात पडू नका. पाणी पुन्हा भरते आणि सुईबरोबर जंतू आत जाण्याचा धोका असतो. लाजेपायी माणसे वीस-वीस वर्षे लुंगीत दडवून फिरतात, कामधंदा सोडतात, बायकोशीही बोलत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड ओझे उचलायचे नाही आणि जागा कोरडी ठेवायची. हातापायाच्या सुजेपेक्षा हे दुखणे कितीतरी अधिक बरे होण्याजोगे आहे.

डास

डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, क्युलेक्स मात्र घाण पाण्यात. त्याला तुंबलेली गटारे, न्हाणीचे साचलेले पाणी, शौचालयाची टाकी लागते. शौचालयाच्या गॅसच्या पाईपला वर बारीक जाळी बांधणे हे काही रुपयांचे काम आहे आणि त्याचा उपयोग मोठा. सांडपाण्यासाठी शोषखड्डा करा, गटार वाहते ठेवा, न वापरत्या विहिरीत गप्पी मासे सोडा. रात्री मच्छरदाणी लावा, हत्तीपायाच्या रुग्णालाही.

निरोगी माणसाने गोळ्या का घ्यायच्या

दरवर्षी मोहीम येते, आशाताई गोळ्या घेऊन दारात उभ्या राहतात आणि घरातला धडधाकट माणूस म्हणतो, "मला काय झालंय?" त्याच्याच रक्तात पिल्ले असू शकतात. त्याला ताप नाही, सूज नाही, आणि रोज रात्री डास त्याच्याकडूनच बी घेऊन शेजारच्या लेकराला देतो. गोळ्या रक्तातली पिल्ले मारतात. मोठे जंत मात्र सगळे मरत नाहीत आणि वर्षानुवर्षे जगतात, म्हणून ही फेरी पुन्हा पुन्हा करावी लागते. एकूण लोकसंख्येतल्या निदान ६५ टक्के लोकांनी गोळ्या खरोखर गिळल्या तरच फेरीचा उपयोग होतो. घेऊन फडताळात ठेवलेल्या गोळ्या त्यात मोजता येत नाहीत. म्हणून आशाताई समोरच गिळायला सांगतात, त्याचा राग मानू नका.

डीईसीची गोळी १०० मिलिग्रॅमची असते: २ ते ५ वर्षांच्या मुलांना १, ६ ते १४ वर्षांपर्यंत २, त्यापुढे ३. तिच्याबरोबर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, ती चावून खायची. काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे तिसरे औषधही देतात, त्याचे प्रमाण उंचीवर ठरते, म्हणून मापाची पट्टी आणतात. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये अशा तीन औषधांची फेरी झाली. उपाशीपोटी घेऊ नका, जेवून घ्या. २ वर्षांखालच्या मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि गंभीर आजारी माणसांना डीईसी देत नाहीत. आयव्हरमेक्टिन ५ वर्षांखालच्या मुलांना आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीलाही देत नाहीत. रक्तदाब, मधुमेहाची औषधे चालू असली तरी गोळ्या घेता येतात, फक्त आधी सांगा.

काहींना त्यानंतर डोके दुखते, मळमळते, अंग गरम होते, चक्कर येते. बहुधा ही रक्तातल्या पिल्लांच्या मरणाची खूण असते, म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला गोळीची गरज होती. एक-दोन दिवसांत उतरते. अंगावर पुरळ उठली, श्वास अडखळला किंवा त्रास वाढत गेला तर मोहिमेच्या पथकाला कळवा, ते औषधांसह तयार असतात. आणि त्या दिवशी गावाला गेलेले असाल तर परत आल्यावर स्वतःहून आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मागून घ्या. राहून गेलेल्यांसाठी त्या पुढचे काही दिवस गोळ्या राखून ठेवतात.